छप्पर, सँडविच आणि पडदा

मराठीत जेवण ‘फर्स्टक्लास’ होतं आणि नाटक ‘थर्डक्लास’ निघतं. परीक्षेचे निकाल आणि आगगाडीचे डबे या दोघांनी मिळून ही विशेषणं आपल्याला दिली. भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला, शिवी मात्र अजून चालू आहे. ‘दर्जेदार’ हा शब्दही तसाच. दर्जा म्हणजे पायरी. एखादी गोष्ट चांगली आहे असं म्हणताना ती कुणाच्या तरी वरच्या पायरीवर आहे, असं आपण नकळत बोलून जातो. विमानात पुढच्या भागातली महाग जागा लोक का घेतात, या प्रश्नाकडे मी या शब्दांच्या वाटेने आलो. हा प्रश्न मला आधी बाजारपेठेचा वाटला होता. पण तिकिटांचा इतिहास वाचत गेलो, तसं लक्षात आलं की चांगलं आणि वरचं यांतला फरक आपल्याला सांगता येतो का, हाच तो प्रश्न आहे.

नेहमीचं उत्तर एका शब्दाचं आहे : आराम. ते खोटं नाही. साध्या वर्गात दोन रांगांमधलं अंतर तीस-एकतीस इंचांचं असतं. लांबच्या विमानात बिझनेस वर्गातली खुर्ची उलगडली की सहा फुटांहून लांब बिछाना होतो. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात आडवं होता येणं आणि न येणं यातला फरक गुडघे सांगतात. त्यासाठी समाजशास्त्र लागत नाही. उतरल्यावर दोन तासांत बैठकीला जायचं असेल, तर झोपेलाही किंमत असते, आणि ती बहुतेकदा कंपनी भरते.

पण एवढ्यावर थांबलं, तर एक प्रश्न तसाच राहतो. मागच्या जागा अडचणीच्या आहेत, म्हणून लोक पुढे जातात हे खरं. त्या तितक्या अडचणीच्या का आहेत?

या प्रश्नाला मला सापडलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर विमानं उडण्याच्या कितीतरी आधीचं आहे. ज्यूल द्युप्वी हा फ्रेंच सरकारचा इंजिनिअर. रस्ते, पूल आणि त्यांवरचे टोल हा त्याचा विषय. १८४९ साली त्याने आगगाडीच्या भाड्याबद्दल लिहिलं. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे आणि बाकं लाकडी असत. लोक म्हणत, कंपन्या कंजूष आहेत, गरिबांचा द्वेष करतात. द्युप्वीचं म्हणणं निराळं होतं. छपराला लागणारे थोडे फ्रँक वाचवण्यासाठी ते काढलेलं नाही. ज्यांना दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडतं, त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून ते काढलं आहे. गरिबाला भिजवणं हा हेतू नव्हता. मध्यमवर्गीयाला भिजण्याची भीती घालणं हा होता. गरीब मधल्यामधे भिजला.

द्युप्वीचं विधान वाचल्यावर मी काही दिवस त्याच्याशी भांडत होतो. हा अर्थशास्त्रज्ञांचा नेहमीचा संशयीपणा, असं वाटत होतं. मग मला सँडविचची गोष्ट सापडली.

विमानप्रवासाच्या सुरुवातीला वेगळ्या वर्गाची फारशी गरजच नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा तिकीट परवडणं हाच दर्जा होता. विमानं मोठी होत गेली, जागा भरण्याची निकड आली. १९५२ साली अटलांटिकवर स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग आला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’. भाडी आणि सोयी आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ठरवत असे. तिने नियम केला, की इकॉनॉमीत जेवण द्यायचं नाही, फक्त सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियन कंपनीने आपल्या देशातल्या पद्धतीची उघडी सँडविचं दिली : पावाचा एक तुकडा आणि त्यावर मांस, मासे, भाज्यांची भरगच्च रास. पॅन अ‍ॅमने तक्रार केली, की हे सँडविच नसून जेवण आहे. प्रकरण वाढलं, सँडविच कशाला म्हणायचं यावर संघटनेत खल झाला, आणि शेवटी सँडविच साधं, थंड आणि स्वस्तातलं असावं असं ठरलं. स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला.

म्हणजे एका कंपनीने स्वस्त तिकिटावर चांगलं खायला दिलं, हा तिचा गुन्हा ठरला. द्युप्वीचं छप्पर शंभर वर्षांनी पावाच्या तुकड्याच्या रूपाने परत आलं होतं. माझा वाद तिथेच संपला.

यानंतर पडदा आला. सत्तरच्या दशकात, विशेषतः १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठल्यानंतर, एकाच विमानात एकाच प्रकारच्या खुर्चीची पाच-सहा भाडी होऊ लागली. ऐन वेळी पूर्ण भाडं भरणारा कामावरचा माणूस आणि महिनाभर आधी स्वस्तात तिकीट काढलेलं सहलीचं कुटुंब शेजारी बसू लागलं. पहिल्याची कुरकुर सुरू झाली. कंपन्यांनी त्याला पुढे नेऊन बसवलं, मधे पडदा ओढला आणि त्या भागाला बिझनेस वर्ग म्हटलं. सुरुवातीला तिथली खुर्ची मागच्याहून फारशी निराळी नव्हती. या वर्गात पूर्ण सपाट होणारा बिछाना ब्रिटिश एअरवेजने आणला तो २००० साली.

या क्रमाकडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधतो. पडदा आधी आला आणि बिछाना त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. आराम हेच या वर्गाचं मूळ असतं, तर क्रम उलटा असायला हवा होता.

नावांचाही विचार करण्यासारखा आहे. ‘फर्स्ट’ हे नाव सरळ पायरी सांगतं. ‘बिझनेस’ पायरी लपवून काम पुढे करतं; तिथे बसणारा चैन करत नसतो, कामावर असतो. ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर, हा तर सद्गुणच. आगगाडीने माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचा म्हणण्यात संकोच केला नव्हता. विमानाने आकडे पुसले आणि अंतर ठेवलं. नव्वदच्या दशकात ‘प्रीमियम इकॉनॉमी’ आली : थोडी चैन, पण काटकसरीच्याच नावाखाली. आपल्या मध्यमवर्गाच्या मनाचं इतकं अचूक भाषांतर क्वचितच झालं असेल.

विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. गांधीजींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर एक छोटा लेख लिहिला. मुंबई ते मद्रास या प्रवासाचा हिशेब त्यात आहे. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोय मिळते का, असा त्यांचा सवाल होता. वरच्या वर्गांची चैन तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालते, असंही त्यांनी म्हटलं होतं. विमान कंपन्या नेमकं उलटं सांगतात : पुढचे थोडे प्रवासी मोठा वाटा उचलतात, म्हणून मागचं तिकीट तुम्हाला परवडतं. लांबच्या मार्गांवर यात तथ्य आहे. पुढची एक जागा मागच्या तीन-चार जागांचं भाडं आणते. गांधीजींचा हिशेब विमानाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य करावं लागतं.

पण ते सर्वत्र खरं नाही. एअर डेक्कनने २००३ साली आणि इंडिगोने २००६ साली एकाच वर्गाची विमानं उडवून दाखवली, आणि आपल्याकडे लाखो लोक त्यांतूनच पहिल्यांदा विमानात बसले. पुढच्या खुर्च्यांचा आधार न घेता ते तिकीट स्वस्त होतं. त्याच इंडिगोने नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर पुढे रुंद खुर्च्यांचा वेगळा भाग सुरू केला. दोन तासांच्या त्या प्रवासात झोप हे कारण पुरेसं पडत नाही.

मग तिथे काय विकत घेतलं जातं? मुंबईकराला हे सांगायला नको. लोकलचा फर्स्टक्लासचा डबा दुसऱ्या वर्गापासून लोखंडी जाळीने वेगळा केलेला असतो. बाक किंचित मऊ, गाडी तीच, पोचण्याची वेळ तीच. पासाला कितीतरी पट पैसे पडतात ते बाकासाठी पडत नाहीत. डब्यात माणसं कमी असावीत म्हणून ते पैसे असतात, आणि पैसे जास्त म्हणूनच माणसं कमी असतात. गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं. फक्त धक्का ‘आपल्यातल्या’ माणसाचा लागतो. पॅरिसच्या मेट्रोतही असाच पहिला वर्ग होता. तो १९९१ साली बंद झाला.

२०१६ साली डीसेलस आणि नॉर्टन या दोन संशोधकांनी एका मोठ्या विमान कंपनीच्या नोंदी तपासून लिहिलं, की ज्या विमानांत पहिला वर्ग असतो, त्यांच्या साध्या वर्गात प्रवाशांनी आरडाओरडा, भांडणं करण्याचे प्रसंग जास्त घडतात; आणि सगळ्यांना पुढच्या भागातून चालत मागे जावं लागलं तर आणखी जास्त. हा निष्कर्ष खूप गाजला. मी त्यावर फार भार देणार नाही. नोंदी एकाच कंपनीच्या आहेत, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. पण रुंद खुर्च्यांवर आधीच विसावलेल्या माणसांच्या मधून, त्यांची नजर चुकवत, पिशवी छातीशी धरून मागे जाण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला हा निष्कर्ष निदान अनोळखी वाटणार नाही.

आता माझा स्वतःचा पुरावा, कारण तो माझ्या मताच्या आड येतो. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो. आई ऐंशीच्या घरातली, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. भावाने तिच्यासाठी बिझनेसचं तिकीट काढलं, माझ्यासाठी साधं. माझी तक्रार नव्हती. ते पैसे तिच्या हाडांसाठी होते. मध्यरात्री तिच्या गोळीची वेळ झाली म्हणून मी पुढे गेलो, तर पडद्यापाशी मला नम्रपणे थांबवलं गेलं. सांगितल्यावर सोडलंही. आई जागी होती. मला पाहून म्हणाली, “माझी झाली झोप. आता तू पड इथं घटकाभर, मी बसते मागं.” तसं चालत नाही, हे तिला पटेना. “तिकीट आपलंच आहे ना रे?” असं तिने दोनदा विचारलं.

ती उतरली तेव्हा चालू शकत होती. त्या बिछान्याची किंमत मी वसूल झालेली पाहिली आहे, आणि पुढे बसणाऱ्या प्रत्येकाला ढोंगी म्हणण्याचा अधिकार तिथेच गमावला आहे. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या लेखी ती जागा म्हणजे अंग टाकायची सोय होती, आणि सोय वाटून घ्यायची असते. विमानाच्या लेखी ती जागा म्हणजे दर्जा होता, आणि दर्जा वाटला की संपतो.

हा फरक ओळखण्याची कसोटी आपल्याच एका माणसाने दिली आहे. मधू दंडवते, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार, १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळ्यांवर गादी बसवण्याचं काम त्यांच्या काळात सुरू झालं : दोन इंच फोम. त्याच डिसेंबर १९७७मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस फक्त दुसऱ्या वर्गाची, वर्गविरहित गाडी म्हणून धावू लागली. गीतांजलीला पुढे वातानुकूलित डबे लागले. तो प्रयोग टिकला नाही. फोम टिकला. वरच्या वर्गाची गादी कुणी काढून घेतली नव्हती. द्युप्वीने ज्या छपराची गोष्ट सांगितली, ते छप्पर एका मंत्र्याने परत घातलं, आणि वरचे डबे तरीही भरतच राहिले.

म्हणून पुढची जागा घेणाऱ्याने, आणि ती न परवडून मागे बसलेल्या आपण सर्वांनीही, स्वतःला एकच प्रश्न विचारून पाहावा. उद्या मागच्या खुर्च्यांना चार इंच जागा जास्त मिळाली, बऱ्यापैकी जेवण मिळालं, तर माझ्या पुढच्या बिछान्याची गोडी कमी होईल का? नाही, असं उत्तर आलं तर मी आराम विकत घेतला आहे आणि तो खुशाल घ्यावा. कमी होईल, असं उत्तर आलं तर मी विकत घेतली ती मागच्याची अडचण.

आईला हा प्रश्न विचारावा लागला नसता. ती मध्यरात्रीच उठून मागे यायला निघाली होती.