विस्तार-मॉड्यूलची सीमा आणि कोसळणारी आज्ञावली : ‘मायावी’च्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

पायथॉन या स्क्रिप्टिंग भाषेचा गौरव ‘सांधणारी भाषा’ म्हणून केला जातो. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या वेगवान लायब्ररी चालू आज्ञावलीत आयत्या वेळी जोडून घेता येणे, हे तिचे बलस्थान होय. मात्र या गौरवात सांध्याची चर्चा क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

विवेचन

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडविलेली ‘मायावी’ ही त्रिमितीय दृश्यांकनाची प्रणाली या संदर्भात बोलकी आहे. तिचा परिचय करून देणारा रामचंद्रन व गाएल व्हारोको यांचा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. ‘मायावी’ पायथॉनमध्ये असली, तरी चित्रणाचे काम १९९३ पासून विकसित होत आलेली व्हीटीके ही सी++ लायब्ररी करते.

शुद्ध पायथॉनमधील बहुतेक चुका ओळ-क्रमांकासह उघड होतात. विस्तार-मॉड्यूल मात्र इंटरप्रिटरच्याच स्मृतिक्षेत्रात चालते. त्याने अवैध पत्त्याला हात लावला की कार्यप्रणाली संपूर्ण प्रक्रियाच थांबवते. लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच शब्द उरतात. शिवाय दोषाचे स्थान व कोसळण्याचे स्थान एकच असेल याची शाश्वती नसते. एखाद्या वस्तूची संदर्भगणना वाढवायची राहून गेली, तर ती वस्तू अकाली मुक्त होते आणि आज्ञावली बऱ्याच वेळाने, भलत्याच निर्दोष ओळीवर कोसळते. कधी ती कोसळतही नाही, केवळ चुकीचे उत्तर देते. संशोधनाच्या दृष्टीने हा धोका अधिक गंभीर होय.

‘मायावी’तील टीव्हीटीके हा भाग व्हीटीकेच्या वर्गांभोवती पायथॉनचे आवरण आपोआप तयार करतो. त्यासाठी मूळ वर्गांच्या पद्धती प्रत्यक्ष चालवून पाहाव्या लागतात, आणि ज्या पद्धती चालविताच इंटरप्रिटर कोसळतो त्या अपवाद म्हणून वगळाव्या लागल्या आहेत. या मार्गाने मूळ दोष दूर होत नाही, हे खरे. परंतु दोषाचे स्थान आज्ञावलीतच नोंदलेले राहते व पुढील वाचकाला सावध करते. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे.

भाषेच्या कर्त्यांनीही हे मौन टप्प्याटप्प्यानेच सोडले. व्हिक्टर स्टिनर यांचे ‘फॉल्टहँडलर’ २०१२ च्या पायथॉन ३.३ मध्ये समाविष्ट झाले. कोसळण्याच्या क्षणी पायथॉनची कोणती ओळ चालू होती, हे ते सांगते. त्या वेळी कोणती विस्तार-मॉड्यूल भरलेली होती, ही यादी मात्र २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून मिळू लागली. म्हणजे संशयितांची नावे कळण्यास आणखी नऊ वर्षे लागली. याउलट २०२४ च्या नमपाय २.० मध्ये, जुन्या आवृत्तीसाठी संकलित झालेले मॉड्यूल कोसळू शकेल, असा इशारा आधीच स्पष्ट शब्दांत दिला जातो. हीच दिशा योग्य म्हणावी लागेल.

समारोप

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील महाविद्यालयांसारख्या ठिकाणी या प्रश्नाला अध्यापनाची बाजू आहे. सी भाषेतील स्मृतिव्यवस्थापन न शिकता थेट पायथॉन हाती घेणारा विद्यार्थी अशा प्रसंगी स्वतःच्याच ओळींत चूक शोधत बसतो, अथवा संगणक बिघडला असे मानतो. त्याला शोधाचा क्रम शिकविणे आवश्यक आहे: प्रथम फॉल्टहँडलर सुरू करून ओळ पाहणे, मग मॉड्यूल एकेक वगळत उदाहरण लहान करणे, मॉड्यूल व इंटरप्रिटर यांच्या आवृत्त्या जुळतात का ते तपासणे आणि अखेरीस जीडीबी किंवा व्हॅलग्राइंडचा आधार घेणे. सुलभ भाषा शिकविताना तिची सुलभता कोठे संपते, हेही शिकविले पाहिजे. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती साधन येईल, पण त्या साधनाने दिलेले उत्तर पारखण्याचे सामर्थ्य येणार नाही.