तबकडीची वंशावळ

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरी माईक एस्पोझिटो यांचे रेकॉर्डचे दुकान आहे. जुलै २०२२मध्ये त्यांनी एका व्हिडिओत जाहीर सांगितले, की मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या ज्या तबकड्या लोक शंभर टक्के अ‍ॅनालॉग समजून घेतात, त्यांच्यामागे डिजिटल प्रत असते. ही कंपनी १९७७पासून जुने अल्बम नव्याने काढते आणि 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' हे शब्द आवरणाच्या माथ्यावर पट्टी करून छापते. थोड्याच दिवसांत एस्पोझिटो कॅलिफोर्नियात जाऊन कंपनीच्या अभियंत्यांना भेटले आणि अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केले. २०११पासून हे चालू होते. सांताना, ईगल्स, कॅरोल किंग यांचे १२५ डॉलरना विकले गेलेले 'वन-स्टेप' संच घ्या. त्या मालिकेतला एक अल्बम वगळता बाकी सगळ्यांच्या वाटेत डिजिटल टप्पा होता. गिऱ्हाईक खवळले, कोर्टकचेरी झाली, अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या प्रकरणावर पुष्कळ लोक हसले. त्यांचे म्हणणे सरळ होते : अकरा वर्षे एकाच्याही कानाला संशय आला नाही, जाणत्या समीक्षकांनी याच तबकड्या अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून वाखाणल्या, मग तुमची फसवणूक झाली ती कशात? हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. जुन्या रॉक अल्बमांच्या अ‍ॅनालॉग आवृत्त्यांत माणसे नेमके काय विकत घेतात, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

नेहमीची उत्तरे आधी बाजूला करू. मोठे आवरण हातात घेण्याचा आनंद, बाजू उलटायला उठावे लागणे, गाणी ओलांडून पुढे पळता न येणे, हे सगळे खरे आहे. पण डिजिटल फाइलवरून काढलेल्या तबकडीतही ते तितकेच असते. ल्युमिनेट या संस्थेच्या पाहणीप्रमाणे अमेरिकेत विनाइल घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवण्याचे यंत्र आहे. आवाजातल्या 'उबे'विषयी बोलायचे, तर तिचा बराचसा उगम तबकडीच्या मर्यादांत आहे. खोल खर्ज दोन्ही बाजूंना पसरून कोरला तर सुई उडते, म्हणून तो मध्ये आणावा लागतो; तीव्र 'स' आणि झांजा आवराव्या लागतात; एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेले की आवाज बसतो. शिवाय सीडीच्या काळात मास्टरिंग करताना आवाज दाबून, फुगवून एकसारखा मोठा करण्याची चढाओढ लागली. मेटालिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' त्यापायी बदनाम झाला. तबकडीसाठी तोच अल्बम कोणी संयमाने तयार केला, तर तो मोकळा वाटणारच. त्याचे श्रेय संयमाला द्यायला हवे.

आणि नुसत्या अ‍ॅनालॉगपणाचीच ओढ असती, तर कॅसेटने काय पाप केले होते? माझ्या वयाच्या बहुतेक मराठी श्रोत्यांनी रॉक ऐकले ते कॅसेटवर. तीही पुरती अ‍ॅनालॉग. तिच्यासाठी १२५ डॉलर मोजणारा मला अजून भेटायचा आहे.

मला वाटते, ही ओढ वंशावळीची आहे. स्टुडिओत अनेक पट्ट्यांवर मुद्रण होते, त्यांचे मिश्रण करून दोन पट्ट्यांची मास्टर फीत बनते. ती वाजवत लेथवर लॅकरची चकती कोरतात. लॅकरवरून धातूचा 'फादर', त्यावरून 'मदर', तिच्यावरून 'स्टॅम्पर' आणि स्टॅम्परखाली दाबून तबकडी. प्रत्येक पायरी म्हणजे एक पिढी. 'वन-स्टेप' पद्धतीत मधल्या दोन पिढ्या गाळून लॅकरवरून घडवलेल्या ठशानेच तबकडी दाबतात. या पद्धतीत एका लॅकरपासून फार तर हजारभर प्रती निघतात. तरी कंपनीने मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० 'वन-स्टेप' प्रती जाहीर केल्या. हिशेब करणाऱ्यांच्या भुवया इथेच उंचावल्या. इतकी लॅकर कोरायला अमोल मास्टर फीत पुन्हा पुन्हा वाजवावी लागेल. ती तशी कोण वाजवू देईल? ही चोरी कानाने पकडली नाही, गुणाकाराने पकडली.

जुन्या पोथ्यांशी थोडाफार संबंध आलेल्याला हे सगळे ओळखीचे वाटेल. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती पोथीत अपपाठ शिरले होते म्हणून. ते काम त्यांनी लपवले नाही; शेवटी ओव्या लिहून शकासकट नोंदवून ठेवले. म्हणून आज आपण कोणती प्रत एकनाथी परंपरेतली आणि कोणती तिच्या बाहेरची, असा वाद तरी घालू शकतो. वाचताना गोडीत फरक पडत नाही म्हणून कोणी या नोंदीला निरुपयोगी म्हणत नाही. आवृत्ती घेणारा माणूस मजकुराबरोबर त्या मजकुराच्या प्रवासाची हमीही घेत असतो. मोबाइल फिडेलिटीच्या गिऱ्हाइकाची तक्रार या अर्थाने अगदी रास्त होती. त्याचे कान फसले की नाही, हा मुद्दाच गौण आहे.

मात्र त्याच गिऱ्हाइकाची 'मूळ फिती'वरची भक्ती मला तितकीशी मान्य नाही. फीत म्हणजे अल्बम नव्हे. लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम १९६९ साली निघाला. त्याचे पहिले अमेरिकन लॅकर रॉबर्ट लडविग यांनी इतक्या जोमदार आवाजात कोरले, की साध्या यंत्रांवर सुई उडू लागली. अ‍ॅटलांटिक कंपनीचे अहमेत एर्तेगुन यांच्या मुलीच्या प्लेयरवर ती उडाली, असा किस्सा सांगतात. कंपनीने मग सौम्य लॅकर कोरून घेतले. आज संग्राहक लडविगच्या प्रतीसाठी जीव टाकतात, आणि ती ओळखतात शेवटच्या गाण्यापुढच्या कोऱ्या पट्टीत खरवडलेल्या 'आरएल' या दोन अक्षरांवरून. फीत तीच, हात निराळा. त्या हाताची करामत मूळ फितीत शोधून सापडायची नाही.

शुद्धतेचा आग्रह धरावा तर इतिहासही साथ देत नाही. कोरताना पुढचा आवाज किती मोठा येणार हे लेथला क्षणभर आधी कळावे लागते, म्हणजे दोन खाचांत किती अंतर सोडायचे ते ठरते. त्यासाठी कोरला जाणारा आवाज किंचित मागे ठेवतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी हे काम डिजिटल यंत्राकडे गेले. फीत अ‍ॅनालॉग, तबकडी अ‍ॅनालॉग आणि मधला क्षण आकड्यांचा! ऐंशीच्या दशकातल्या कित्येक 'अस्सल' तबकड्या अशाच जन्मल्या. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५ साली डिजिटल यंत्रावरच मुद्रित झाला. त्याच्या विनाइल आवृत्तीत अ‍ॅनालॉग कुळ शोधणे व्यर्थ आहे.

फितीची अवस्थाही पाहायला हवी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही फितींचा लेप ओल धरून चिकट होतो. त्या मंद आचेवर शेकल्याखेरीज वाजवताच येत नाहीत. जून २००८मध्ये युनिव्हर्सलच्या हॉलिवुडमधल्या आवारात आग लागली, तीत मास्टर फितीही जळाल्या. अशा वेळी फीत एकदाच काळजीपूर्वक वाजवून तिची उत्तम डिजिटल प्रत घेणे शहाणपणाचे आहे. मोबाइल फिडेलिटीचे अभियंते सेकंदाला सुमारे १ कोटी १३ लाख नमुने घेणारी पद्धत वापरत होते. काम चोख होते, कारणही सांगण्याजोगे होते. ते सांगितले नाही, कारण 'अ‍ॅनालॉग' हा शब्द तोवर भाव चढवणारा ठरला होता.

बीटल्सच्या बाबतीत दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. २०१२चा स्टिरिओ तबकड्यांचा संच डिजिटल फाइलींवरून निघाला. २०१४चा मोनो संच अ‍ॅबी रोड स्टुडिओत शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी फितींवरूनच कोरला. मला मोनो संच मोठ्या मोलाचा वाटतो, आणि त्यामागे अ‍ॅनालॉगपणाहून वेगळे कारण आहे : साठच्या दशकात बीटल्सनी स्वतः लक्ष घातले ते मुख्यतः मोनो मिश्रणात. इथे आवृत्तिकाराने कोणता पाठ प्रमाण मानायचा याचा निर्णय घेतला आहे. मोबाइल फिडेलिटीनेही आता प्रत्येक तबकडीमागची साखळी, फीत कोणती आणि पुढे काय काय झाले, हे द्यायला सुरुवात केली आहे. बाजारातल्या इतर आवृत्त्यांवर मात्र 'रीमास्टर्ड' एवढाच शब्द असतो, त्यातून काहीच कळत नाही.

आपल्याकडे हे काम अजून व्हायचेच आहे. मुंबईत जुन्या रेकॉर्डच्या ढिगात बीटल्सच्या ज्या तबकड्या मिळतात, त्यांच्या लेबलवर पुष्कळदा कोलकात्याजवळच्या दमदमचे नाव असते. बीटल्सची काही गाणी तर भारतात ७८च्या वेगाच्या तबकड्यांवरही निघाली. जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे असतात. आपल्या कित्येक श्रोत्यांसाठी 'मूळ' बीटल्स म्हणजे दमदमचे. यातल्या कोणत्या तबकड्यांचे ठसे इंग्लंडहून आले आणि कोणत्यांची लॅकर इथे कोरली गेली, हे लेबलवर छापलेले नाही. ते कोऱ्या पट्टीतल्या आकड्यांवरून, एकेक प्रत उजेडात तिरपी धरून, लावावे लागेल.