क्रिस्तपुराणाची संहिता : कठीण पाठ कोणाला कठीण?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात भाषावैभवाचा गौरव अधिक आणि संहितेची विचारपूस कमी आढळते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे स्टीफन्स यांची भाषा ठरविली जाते, तो ग्रंथ नकलाकारांच्या हातूनच अभ्यासकापर्यंत पोचलेला आहे.

नव्या कराराच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परिचित आहे. तेथेही मूळ हस्तलिखित एकही नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन पोथ्यांत नाहीत. अशा भेदांतूनच पाठचिकित्सेचे नियम घडले. दोन पाठांपैकी कठीण पाठ जुना मानावा, कारण नकलाकार कठिणाचे सोपे करतो, हा अठराव्या शतकात बेंगेल यांनी मांडलेला नियम त्यांपैकीच एक. सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याचा विवेकाने उपयोग केला.

क्रिस्तपुराणाच्या बाबतीत मात्र हा नियम अडखळतो. मंगळूरला 1907 मध्ये सालढाणा यांनी रोमन हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या संहितेत लॅटिन-पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी पोथीत त्यांच्या जागी बहुधा संस्कृत संज्ञा येतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन ॲबट यांनी ही पोथी उजेडात आणली आणि तीच मूळ देवनागरी संहिता असल्याचे प्रतिपादन केले. उलट, ही उत्तरकालीन संस्कृतीकरणाची खूण होय, असेही म्हणता येते. कठीण पाठाचा नियम येथे निर्णय देत नाही. गोव्यातील धर्मोपदेशकाला पोर्तुगीज संज्ञा सोपी होती; देवनागरी वाचणाऱ्याला संस्कृत. पाठ कठीण कोणाला, हे ठरविल्यावाचून तो जुना की नवा हे ठरत नाही. इतिहासदृष्टी आणि पाठचिकित्सा येथे एकमेकींवाचून पांगळ्या ठरतात.

एक अंतर्गत कसोटी मात्र उपलब्ध आहे. ओवीचे चरण अक्षरसंख्येत लवचिक असतात. पहिल्या तीन चरणांचे यमक मात्र लवचिक नसते. चरणामध्ये आलेली संज्ञा बदलली तरी ओवी तक्रार करीत नाही. यमकस्थानी ती बदलली, तर यमक तुटते किंवा शेजारचे चरण नव्याने रचावे लागतात. म्हणून सर्व पाठभेद सारख्याच वजनाने मोजणे चूक आहे. यमकस्थानचे भेद वेगळे काढून त्यांचीच साक्ष आधी घ्यावयास हवी.

लिप्यंतराचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. रोमन लेखनपद्धतीत ण-कारासाठी न-कार दोनदा लिहिला जातो; ऱ्हस्व-दीर्घ दाखविले जात नाही. साहजिकच शांताराम बंडेलू यांची 1956 ची किंवा कारिदाद द्रागो यांची 1996 ची देवनागरी आवृत्ती वाचताना वाचक संपादकाचे निर्णयही वाचत असतो. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळल्याचे स्टीफन्स स्वतः सांगतात. ही ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे कोकणीच. तेव्हा प्रमाण मराठीच्या सवयीने वाचणाऱ्या संपादकाला जे रूप लेखनदोष वाटेल, ते तेरेखोलच्या अलीकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतच्या बोलीत जिवंत असू शकते. अशा रूपाची ‘दुरुस्ती’ म्हणजे पुरावा पुसणे होय.

1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि त्यापूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न मराठी अभ्यासाला कायमचा लागून राहिला. क्रिस्तपुराणाला असा एकनाथ भेटलाच नाही, ही अभ्यासाच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हणावयाची. दोन परंपरा कालवून एक ‘शुद्ध’ संहिता तयार करण्याचा मोह म्हणूनच आवरावयास हवा. त्या समोरासमोर ठेवून वाचल्या, तर नव्या श्रद्धेसाठी शब्द शोधताना एका समाजाने कोणत्या दोन वाटा चोखाळल्या हे दिसते. आणि मूळ शब्द कोणता, या प्रश्नाइतकाच तो शब्द कोणी, कोणासाठी बदलला, हाही प्रश्न वाङ्मयेतिहासाचा ठरतो.