चामड्याच्या गल्लीतले चिनी जेवण

पुस्तकाचे परीक्षण करणारा माणूस आपल्याकडे विद्वान ठरतो, नाटकाचे परीक्षण करणारा रसिक ठरतो आणि जेवणाचे परीक्षण करणारा मात्र नुसताच खादाड ठरतो. हा न्याय मला कधीच पटलेला नाही. चांगले पुस्तक वर्षातून दोन-चार वेळा हाती लागते. जेवायला आपण दिवसातून दोनदा बसतो. ज्या गोष्टीशी रोजचा संबंध तिच्याविषयी विवेकाने बोलू नये आणि जिच्याशी क्वचित गाठ पडते तिच्याविषयी मात्र ग्रंथ लिहावेत, हे कोणत्या शास्त्रात बसते? तेव्हा वाचकांच्या एका हाती चकली आणि दुसऱ्या हाती हा अंक असताना मी एका जेवणाचे परीक्षण लिहिण्याचे धाडस करीत आहे. जेवण चिनी आहे. मिळाले ते कलकत्त्यात, म्हणजे आताच्या कोलकात्यात. आणि जागा अशी की, तिथे पाहुण्याला मुद्दाम कुणी नेऊ नये.

त्या जागेचे नाव टँगरा. शहराच्या पूर्वेचा हा सखल, एके काळचा दलदलीचा भाग. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेल्या हक्का लोकांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथे कातडी कमावण्याचा धंदा मांडला. चिनी माणूस कलकत्त्याला नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस अच्यू नावाच्या एका चिनी गृहस्थाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला होता. त्याच्या नावाचे अचिपूर हे गाव आजही आहे. त्याच्यामागून आलेल्यांत कँटनकडचे लोक सुतारकामात शिरले, हुपे प्रांतातले दात बसवू लागले आणि हक्कांनी चामडे व जोडे पत्करले. चामड्याचा धंदा आपल्याकडे विटाळाचा मानलेला. त्यामुळे त्यात वरच्या जातींची स्पर्धा नव्हती. आपल्या सोवळ्याने रिकामी ठेवलेली जागा परक्या माणसाने कष्टाने भरली, एवढाच याचा अर्थ.

आता अशा ठिकाणी उत्तम जेवण कसे निपजले? मला वाटते, ते अशाच ठिकाणी निपजायचे. कारखान्याचे आवार स्वतःचे, तेव्हा भाड्याचा बोजा नाही. स्वयंपाकाला घरचीच माणसे. आणि पहिले गिऱ्हाईक म्हणजे आपलेच जातभाई, ज्यांना नुसत्या देखाव्याने फसवता येत नाही. कारखान्याच्या आवारातच चार टेबले मांडून ही खाद्यगृहे सुरू झाली. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. बांतला येथे नवी वसाहत झाली. काहींनी तिकडे बिऱ्हाड हलवले, काहींनी धंदाच सोडला आणि रिकाम्या वखारींत आणखी चुली पेटल्या. मोठ्या हॉटेलात आपण गालिच्याचे, दिव्यांचे आणि दरवानाच्या मिशांचे पैसे देतो. टँगऱ्यात फक्त जेवणाचे द्यावे लागतात.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मंडळी कलकत्त्यास गेलो असता एका बंगाली शिक्षक-स्नेह्यांनी आम्हांला तिथे नेले. उंच भिंती, लोखंडी दरवाजे, उघडी गटारे, आणि हवेत जुन्या चामड्याचा पुसट दर्प. आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाशी धरला आणि माझ्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन या अंकात करता येणार नाही. मी हळूच विचारले, “दादा, रस्ता चुकला नाही ना?” ते म्हणाले, “मास्टरमोशाय, आधी जेवा, मग विचारा.” दरवाज्याआड एक साधे दालन होते. टेबलांवर प्लास्टिकची आच्छादने, कोपऱ्यात पूर्वजांचा लाल देव्हारा, त्यापुढे उदबत्ती, आणि गल्ल्यावर साठीच्या एक चिनी बाई. त्या सौभाग्यवतींशी हिंदीत आणि स्वयंपाकघराशी हक्का भाषेत बोलत. आमच्या स्नेह्यांशी मात्र बंगालीत अशा भांडत की, भाऊ-बहिणींनी भांडावे.

पहिल्याने कणकेच्या पातळ पारीत खिमा भरलेल्या वाँटनांचे सार आले. सार जवळजवळ पाण्यासारखे स्वच्छ. नवशिक्या लेखकाला जसा विशेषणांचा सोस असतो, तसा नवशिक्या आचाऱ्याला मसाल्याचा. या सारात एकही विशेषण जादा नव्हते. मागून आली आले घालून वाफवलेली भेटकी. भेटकी म्हणजे आपल्या रायगडकडचा जिताडा. आपण त्याला तिखट-मिठाच्या लालभडक साजात बसवतो. इथे त्याच्या अंगावर आल्याच्या काड्या, पातीचा कांदा आणि सोयाचा हलका शिडकावा यापलीकडे काही नव्हते. तो मासा किती गोड असतो हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

नूडल्सनी मात्र खरी परीक्षा होते. गाड्यावरच्या नूडल्स बहुधा गिचका तरी होतात, नाही तर तेलात पोहतात. इथली प्रत्येक शेव सुटी होती आणि तिला धुराचा पुसट वास होता. हे भट्टीसारख्या जाळावर, खोलगट लोखंडी कढईत, दोन-तीन मिनिटांतच साधते. जाळ मंदावला की भाजीला पाणी सुटते आणि परतण्याचे शिजवणे होते. कँटनी लोक या वासाला ‘कढईचा श्वास’ म्हणतात. शाकाहारी सौभाग्यवतींसाठी लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी आली. पाने मऊ, दांडे करकरीत. पदर नाकावरून कधी खाली आला, ते त्यांनाही कळले नसावे. पाच माणसे पोटभर जेवली आणि बिल दोन हजारांच्या आत आले. मुंबईच्या एखाद्या झगमगीत हॉटेलात एवढ्यात दोघांचे भागले तरी नशीब.

दोष नव्हते असे नाही. सांगितले नाहीत तर हे परीक्षण न होता जाहिरात होईल. चिली चिकन चवीला खमंग, पण त्याचा रस्सा कॉर्नफ्लॉवरने इतका दाट केलेला की चमचा उभा राहावा. कोळंबीवरचे तळलेले कवच कोळंबीहून जाड होते. पदार्थ सगळे एकदमच आणून टेबलावर मांडण्याची घाईही नडली. वाफवलेला मासा वाट पाहत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्यांनी चीन पाहिला आहे असे लोक म्हणतात, की हे चिनी जेवणच नव्हे. हिरवी मिरची, कांदा, लसूण यांचा हा मारा चीनमध्ये कुणी करीत नाही. आणि मांचुरियन तर मांचुरियात औषधालाही सापडणार नाही. हे खरे आहे. मांचुरियनचा जन्म मुंबईचा. कलकत्त्यात वाढलेले आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केल्याचे सांगितले आहे. पण यावरून ते जेवण खोटे ठरते काय? आपली उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचाच आणि मिरचीही तिकडचीच. तरी एकादशीला ती देवाला चालते. खिचडीला जो न्याय आपण दिला, तो चिली चिकनला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. अस्सलपणा मुलखावरून ठरवायचा नसतो. करणाराने तो पदार्थ मनापासून आपला मानला आहे की नाही, यावरून तो ठरतो. टँगऱ्यातला वाफवलेला मासा आणि टँगऱ्यातले चिली चिकन ही एकाच घरची दोन भावंडे आहेत. एक आजीकडे वाढले, दुसरे शेजाऱ्यांकडे.

पदार्थाला आपण असे आपले म्हटले. माणसांना म्हटले काय? १९६२ सालच्या दिवाळीच्या सुमारास चीनशी युद्ध पेटले आणि ईशान्य भारतातल्या व बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना, त्यांत म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरेही होती, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. काहींचा मुक्काम तर युद्ध संपून कित्येक वर्षे लोटली तरी हलला नाही. त्यांतले पुष्कळजण इथेच जन्मलेले होते. सुटून आल्यावर अनेकांनी कॅनडाची वाट धरली. ज्या वस्तीत एके काळी २०,००० माणसे होती असे सांगतात, तिथे आज त्याचा दहावा हिस्साही जेमतेम उरला आहे. टँगऱ्यातली पेई मेई ही चिनी शाळा मुलांअभावी बंद पडली. शाळामास्तराला रिकाम्या वर्गाचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. मुले नसलेल्या वस्तीत चुली फार दिवस पेटत नाहीत.

मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारले, “दीदी, तुमची मुले?” त्या म्हणाल्या, “टोरांटोला. बोलावतात, पण तिकडे माझ्या हातचे कोण खाणार?” आणि बिलातले वरचे वीस रुपये सोडून त्यांनी आमच्या धाकट्याच्या हातात आल्याची वडी ठेवली.

माझा निकाल असा : सार उत्तम, मासा अत्युत्तम, नूडल्स आदर्श, रस्से मध्यम, दर वाजवी, जागा गैरसोयीची आणि म्हणूनच जावे अशी. ज्यांना कलकत्त्यास जाणे घडेल त्यांनी टँगऱ्यात एक वेळ अवश्य जेवावे, आणि तेही लवकर. जमल्यास दिवाळीच्या अमावास्येला जावे. त्या रात्री बंगालात कालीपूजा असते, आणि टँगऱ्यात कालीचे एक मंदिर चिनी भक्तांचे आहे. तिथे देवीला नैवेद्य दाखवतात तो नूडल्सचा, आणि तोच प्रसाद म्हणून वाटतात. हे जेवण आपले की परके, याचा खल विद्वानांनी खुशाल करावा. देवीने तो केव्हाच संपवला आहे.