उत्खननातील पोकळी आणि तिचे नामकरण : गोदाखोऱ्यातील रोमनोत्तर वसाहतींचा प्रश्न

नाशिक येथील मातीच्या गढीचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केले. त्याचा व जोर्वे येथील उत्खननाचा संयुक्त अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९५४-५६ मध्ये नेवासे येथे उत्खनन झाले व त्याचा अहवाल १९६० मध्ये आला. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाला कालानुक्रमाची शिस्त या ग्रंथांनी लावली, हे ऋण प्रथमच मान्य केले पाहिजे. प्रस्तुत टिपणाचा रोख त्यांतील एका गृहीतावर आहे.

नेवाशाच्या अनुक्रमात पाचव्या कालखंडास ‘इंडो-रोमन’ व सहाव्यास ‘मुस्लिम-मराठा’ अशी नावे आहेत. पहिला इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास संपतो. दुसरा चौदाव्या शतकानंतरचा. मधल्या सहस्रकाला नाव नाही. नाशिकचा अनुक्रमही याच वळणाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे शंका येते ती अशी : ज्याला संज्ञा नाही ते दिसेनासे होते, हा नियम थरांनाही लागू पडला नसेल काय?

नेवाशाचेच उदाहरण घ्यावे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी याच क्षेत्री सिद्ध झाली. ज्या भाषेत आणि ज्या श्रोत्यांपुढे ती अवतरली, ती भाषा व ते श्रोते ओसाड रानात निर्माण होत नाहीत. उत्खनित टेकाड त्या काळी रिकामे असेल. गाव रिकामे नव्हते. टेकाडाचा इतिहास व गावाचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे तरी यावरून निश्चित होते.

आता कोरीव लेखांचा पुरावा पाहू. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा मध्य मानला जातो. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे कायम ठेव ठेवली, असे त्यात म्हटले आहे. या श्रेणींत कुलरिक, ओदयंत्रिक व तेली आहेत. ‘कुलरिक’ म्हणजे कुंभार हा अर्थ सामान्यतः स्वीकारलेला आहे. तेव्हा विसंगती अशी की, ज्या कुंभारांच्या भावी पिढ्यांवर भरवसा ठेवून द्रव्य गुंतविले गेले, त्या पिढ्यांची खापरे मात्र आपल्या अनुक्रमात कोठेच नाहीत.

पुढील शतकांतही हाच प्रकार. कलचुरी कृष्णराजाची रौप्य नाणी बागलाणातील देवळाणे येथे सापडली. शंकरगणाचा अभोणे ताम्रपट कलचुरी संवत् ३४७ चा, म्हणजे सुमारे इ. स. ५९७ चा आहे. सर्वांत बोलका पुरावा अंजनेरीच्या ताम्रपटांचा. भोगशक्तीच्या या दोन ताम्रपटांपैकी एकावर संवत् ४६१, म्हणजे सुमारे इ. स. ७१०, असा काळ आहे. दुसऱ्यात पूर्वी उद्ध्वस्त झालेले समगिरिपट्टण व आसपासच्या पल्लिका पुन्हा वसविल्याचा आणि तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याचा निर्देश आहे. नगरे उजाड झाली हेही खरे, आणि ती पुन्हा वसविली गेली हेही तितकेच खरे. डॉ. रामशरण शर्मा यांनी १९८७ मध्ये मांडलेला नगरऱ्हासाचा सिद्धान्त या ताम्रपटाच्या पूर्वार्धाला धरून आहे. उत्तरार्धाचा हिशेब त्यात पुरेसा लागत नाही.

मग उत्खननात ही वस्ती का दिसत नाही? एक कारण कालदर्शक वस्तूंतच दडलेले आहे. तांबडी चकचकीत भांडी एके काळी रोमन संपर्काची खूण मानली गेली. गुजरातेत ती क्षत्रप काळानंतरही चालू राहिल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. तसेच, भारतात रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली अनेक खापरे वस्तुतः मेसोपोटेमियातील निमुळत्या तळाच्या कुंभांची असल्याचे रोबर्टा टॉम्बर यांनी दाखविले. असे कुंभ सासानी काळात व त्यानंतरही वापरात होते. म्हणजे रोमनोत्तर घडामोडींचा काही अंश ‘रोमन’ या नावाखालीच झाकला गेला असण्याचा संभव आहे. पैठणच्या उत्खननाचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या दृष्टीने उद्बोधक आहे. सातवाहनोत्तर विटांची मंदिरे व त्यांच्याबरोबरची भांडी तेथे स्वतंत्रपणे अभ्यासली गेली. शोधणाऱ्याला ती सापडली.

दुसरे कारण नदीचे. नाशिकच्या खाली गोदावरीच्या दोन काठांवर सायखेडा व चांदोरी ही गावे समोरासमोर आहेत. २०१६ व २०१९ च्या पुरांत त्यांची काय अवस्था झाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. असा काठ वस्तीला कधी सरकावयास लावतो, कधी तिच्या खुणा खरवडून नेतो, तर कधी गाळाखाली पुरतो. उंच टेकाडावरील एका चरावरून साऱ्या काठाचा निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

स्थलनामांचा आधारही जपूनच घ्यावा. सायखेड्यातील ‘खेडे’ हे संस्कृत ‘खेट’ शब्दाशी जोडले जाते. परंतु हे उत्तरपद अर्वाचीन काळापर्यंत नवी नावे घडवीत राहिले आहे. त्यावरून गावाचे वय ठरविता येत नाही, आणि ‘साय’ या पूर्वपदाची चटकदार व्युत्पत्ती सांगण्याचा मोहही आवरला पाहिजे. मात्र गावाच्या वस्तीच्या जमिनीला मराठीत ‘पांढरी’ म्हणतात, ही गोष्ट मोलाची आहे. राख, शेण व पडक्या भिंतींची माती शतकानुशतके मुरून जी जमीन पांढुरकी होते, तिला शेतकऱ्याने काळीपासून वेगळे नाव दिले. पुरातत्त्वज्ञाच्या आधी थर ओळखला तो त्याने.

तात्पर्य, ‘वस्ती नव्हती’ आणि ‘वस्ती ओळखता आली नाही’ या दोन विधानांतील भेद आपल्या अहवालांतून स्पष्ट राहिला पाहिजे. नाशिक ते नांदूर मध्यमेश्वर या पट्ट्यातील पांढऱ्यांची पाहणी करून, पृष्ठभागावरील खापरे पैठणच्या अनुक्रमाशी ताडून पाहणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातील काम आहे. त्यातून काही ठिकाणी ओसाडीच सिद्ध होईल. पण ती सिद्ध झालेली ओसाडी असेल. केवळ नाव न दिल्यामुळे उरलेली पोकळी नव्हे.