वाकले, पण मोडले नाही

इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांविषयी लिहिताना लेखणी चटकन् कौतुकाकडे वळते. चेशर परगण्यात काँगलटन गावाजवळ असलेला लिट्ल मोर्टन हॉल तर या कौतुकाचा हक्काचा विषय. खंदकाच्या पाण्यात पडलेले काळ्यापांढऱ्या भिंतींचे प्रतिबिंब, अंगणावर झुकलेले मजले, लाटेसारखे खालीवर झालेले छप्पर हे सारे पाहून बघणाऱ्याला परीकथेतले घर आठवते आणि तो तेथेच थांबतो. माझी तक्रार या थांबण्याविषयी आहे. हे घर शोभेसाठी वाकडे झालेले नाही. त्याच्या वाकडेपणाला कारण आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय या वास्तूचे मोल ठरवता येणार नाही.

मोर्टन घराण्याने १५०४ च्या सुमारास मोठ्या दिवाणखान्यापासून बांधकामास आरंभ केला आणि ते १६१० च्या आसपासपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. साहजिकच यामागे एका हाताने काढलेला आराखडा नाही. गरज आणि ऐपत वाढेल तसे घर अंगणाभोवती वाढत गेले. पद्धत मात्र शेवटपर्यंत एकच राहिली. खाली दगडी जोते, त्यावर ओकचे आडवे लाकूड, त्यावर खांब, तुळया आणि तिरपे धिरे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि त्यातून ओकचीच खुंटी ठोकायची. भार सगळा या सांगाड्यावर असतो. मधल्या जागा भरणाऱ्या भिंती आपल्या कुडाच्या भिंतींच्या जवळच्या नातलग म्हणता येतील. आपले जुने वाडे खणांनी मोजले जात. तेथेही दोन चौकटींमधले अंतर हेच घराचे माप होते. त्यामुळे ही वास्तू आपल्या वाचकाला वाटते तितकी परकी नाही.

त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच घडवीत. सुकताना तो पीळ खातो, आखडतो, आणि त्यातच सांधे अधिक आवळले जातात. म्हणजे थोडी हालचाल या पद्धतीत दोष मानलेली नाही, ती गृहीतच धरलेली आहे. दर्शनी भिंतींवरचे शंकरपाळ्यांचे आणि चार पाकळ्यांचे नक्षीकाम मात्र भार पेलण्यापेक्षा मालकाची श्रीमंती मिरवण्याचे काम अधिक करते. खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली काचेची सुमारे ३०,००० लहान तावदाने आहेत, त्यांचीही गोष्ट तीच. काच महाग होती आणि ती दिसावी अशीच इच्छा होती.

खरा प्रश्न उभा राहतो तो दक्षिणेच्या बाजूला. हा भाग १५६० च्या दशकातला. त्याचे काम सुरू झाल्यावर, बहुधा मागाहून सुचलेल्या कल्पनेनुसार, वरच्या मजल्यावर ६८ फूट लांबीचे दालन चढवण्यात आले. उमराव घराण्यांत अशा दालनांची तेव्हा हौस होती. पावसाळी दिवसांत तेथे फेऱ्या मारायच्या, खेळायचे. भिंतीच्या लाकडी अस्तरामागे जुने टेनिसचे चेंडूही सापडले आहेत. हौसेला कोणी हरकत घ्यावी असे नाही. पण या दालनावर जड दगडी फरशांचे छप्पर घातले गेले आणि खालच्या मजल्यांना तो भार झेपला नाही. ते वाकले, फुगले. कमानदार धिऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया बहुधा सतराव्या शतकात, दालन फाकू नये म्हणून घातल्या गेल्या.

आता याच दालनाच्या दोन टोकांना पाहावे. तेथे चुन्यात घडवलेल्या दोन स्त्रीमूर्ती आहेत. एकीकडे दैवाचे चाक आहे आणि त्यावर अज्ञानाची सत्ता असल्याचे लिहिले आहे. समोर नियती आहे, तिचे शासन ज्ञानाकडे आहे. ही कल्पना गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या १५५६ च्या ‘द कॅसल ऑफ नॉलेज’ या खगोलशास्त्रावरील ग्रंथातून घेतलेली. मालकाने ज्ञानाचा हा महिमा डोक्यावर मिरवला आणि पायाखालच्या लाकडाला किती भार पेलेल याचा हिशेब मात्र केला नाही. या घरातले खरे ज्ञान खालच्या सांध्यांत होते. ते होते म्हणूनच चारशेहून अधिक वर्षे हा मजला वाकला, पण कोसळला नाही.

त्या ज्ञानाच्या एका धन्याचे नाव सुदैवाने आपल्याला माहीत आहे. अंगणातल्या, एकमेकींना जवळजवळ भिडणाऱ्या दोन खिडक्यांवर १५५९ सालचा लेख कोरलेला आहे. त्यात विल्यम मोर्टन या मालकाबरोबर खिडक्या घडवणारा सुतार रिचर्ड डेल यानेही आपले नाव घातले आहे. अशा किती घरांवर सुताराचे नाव आढळते?

पुढे यादवी युद्धानंतर घराणे कर्जात बुडाले आणि घर शेतकरी कुळांकडे गेले. नव्या धाटणीने बदल करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून जुने तसेच राहिले. दारिद्र्याने केलेले हे जतन आहे. १९३८ मध्ये वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आली. दालनाला आता पोलादाचाही आधार आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खटकतो तो काळा रंग. तो व्हिक्टोरियन काळाची देणगी. त्याआधी ओक उघडाच असे, वाऱ्यापावसाने रुपेरी होत जाई आणि मधल्या भिंती पिवळसर मातकट असत. ज्या काळ्यापांढऱ्या ठशाला आपण ‘अस्सल जुने’ म्हणतो, तो घराच्या मानाने पोरवयाचा आहे.

म्हणून हे घर पाहताना भिंतीच्या रंगापेक्षा सांध्यांकडे पाहावे. कललेली प्रत्येक भिंत मरणपंथाला लागलेली असतेच असे नाही. ती कशामुळे कलली आणि कोणाच्या कौशल्याने अजून उभी आहे, हे विचारल्यावरच तिच्याविषयी निकाल द्यावा.