चोविसाव्या आठवड्यानंतरची बाई

कायद्याचं पुस्तक म्हणजे काही साहित्य नव्हे, असं आपले प्राध्यापक समीक्षक मानतात. मानोत बापडे. त्यांची कायद्याशी गाठ पडते ती फ्लॅटचं खरेदीखत करताना. आपली पडते ठाण्यात, तहसीलीत, दवाखान्यात. बाबासाहेबांनी लिहिलेली घटना सोडली तर ज्या मजकुरांनी आपलं आयुष्य आखलं ते एकतर मनूचे होते नाहीतर सरकारी होते. म्हणून या खेपेला कवितासंग्रह बाजूला ठेवून मी एक कायदा वाचायला घेतलाय. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, २०२१ मध्ये दुरुस्त केलेला. त्यातही एकच शब्द : आरोग्य.

हा शब्द कायद्यात कुठं येतो आणि कुठं गायब होतो, ते पाहा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या जिवाला धोका, किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, हे कारण चालतं. वीस ते चोवीस आठवडे दोन डॉक्टर लागतात, आणि बाई एका ठरावीक यादीत बसावी लागते : बलात्कारपीडित, अल्पवयीन, मधेच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला ही यादी सैल केली, अविवाहितेलाही आत घेतलं. इथवर ठीक. चोवीस आठवडे उलटले की मात्र दोनच दारं उरतात. मेडिकल बोर्डानं गर्भात मोठं व्यंग आहे असं सांगितलं तर एक. बाईचा जीव तातडीनं वाचवायचा असेल तर दुसरं, म्हणजे कलम पाच. आरोग्य हा शब्द तिथं नाही. म्हणजे चोविसाव्या आठवड्यानंतर कायद्याला गर्भाचं व्यंग दिसतं, मेलेली किंवा मरायला टेकलेली बाई दिसते. जिवंतपणी मोडत चाललेली बाई दिसत नाही.

(व्यंगाच्या दाराबद्दल एक सांगून टाकतो. कोण जन्माला येण्यालायक आणि कोण नाही याची प्रतवारी सरकारी बोर्ड करतं, हे ऐकून आपल्या कान टवकारायला हवेत. जन्मावरून माणूस तोलण्याचा धंदा आपल्याला नवा नाही. अपंग साथी हा प्रश्न विचारतात, तो रास्त आहे.)

आता कुणी म्हणेल, एवढा उशीर का करावा बाईनं? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपली वस्ती ठाऊक नाही. कायदा आठवडे मोजतो, आपल्या बाया महिने मोजतात, तेही पाळी नेमानं येत असेल तर. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस गेलेले कळतच नाहीत कितीदा. अंगात रक्त नाही म्हणून पाळी चुकली, असं ती धरून चालते. कळल्यावर आधी मेडिकलवरच्या गोळ्या. त्या लागू पडल्या नाहीत की गल्लीतला डॉक्टर. तो म्हणणार सोनोग्राफी करून आणा. बजाजनगरहून घाटी गाठायची तर पंढरपूर, नगर नाका, बाबा पेट्रोल पंप करत जायचं, म्हणजे कंत्राटी बाईचा एक खाडा. घाटीत पहिल्या दिवशी केसपेपर, दुसऱ्या दिवशी तपासणी, तिसऱ्या दिवशी ‘नवऱ्याला घेऊन या’. तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरी बाई लावतो. आणि जिच्यावर घरातल्याच माणसानं हात टाकलाय अशी पोरगी तर पोट दिसेपर्यंत बोलतच नाही. साडेपाच महिने असे सरतात. याला आळस म्हणायचं?

बीडमधलं २०१२ चं परळी प्रकरण झाल्यावर आणखी एक अडचण झाली. मुलगी आहे म्हणून पोट पाडणारे डॉक्टर पकडले गेले, ते योग्यच. पण भिंतीभिंतींवर ‘भ्रूणहत्या’ हा शब्द रंगला. लिंग तपासून केलेला गर्भपात आणि कुठलाही गर्भपात यातला फरक त्या एका शब्दानं पुसला. कायदेशीर काम करणारा डॉक्टरही नको ती भानगड म्हणू लागला. घोषणा लिहिताना शब्द जपून वापरावा, हे कवींना सांगतो तेच कार्यकर्त्यांनाही सांगणं आहे.

आता आपल्याच शहरातला एक निकाल वाचू. जून २०२३, उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. पंधरा वर्षांची मुलगी, बलात्कारातून दिवस गेलेले, अठ्ठावीस आठवडे. आईनं अर्ज केला. बोर्डानं सांगितलं की आता गर्भपात केला तरी बाळ जिवंत जन्मेल. न्यायालयाचा विचार असा : आज काढलं तरी जिवंत, बारा आठवड्यांनी नैसर्गिक बाळंतपण झालं तरी जिवंत, मग पूर्ण दिवस भरू द्यावेत, म्हणजे बाळ धड होईल. पुढं ते अनाथालयात द्यायचं तर मोकळीक आहे. मुलीला निवारागृहात ठेवता येईल.

न्यायमूर्तींच्या हेतूबद्दल मला बोलायचं नाही. तेव्हाच गर्भ काढण्यातही मुलीला धोका होता, हेही खरं. मी वाक्य वाचतोय. त्या वाक्यात बारा आठवडे हा बाळाच्या वाढीचा काळ आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगावरून जाणारे बारा आठवडे तिथं नाहीत. तिची शाळा, तिची झोप, पोट हललं की तिला काय आठवत असेल, यातलं काहीच त्या हिशेबात धरलेलं नाही. मराठी कथेत अशी मुलगी पार्श्वभूमीला उभी करणाऱ्या लेखकाला आपण झोडपलं असतं. निकालाला का सोडावं?

ही एकट्या खंडपीठाची गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत दोन लेकरांची विवाहित आई सर्वोच्च न्यायालयात गेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलेलं, त्यावर औषधं चालू, अंगावर पाजत असल्यानं दिवस गेलेले उशिरा कळले. दोन न्यायाधीशांनी आधी परवानगी दिली, मग त्याच दोघींत मतभेद झाला. १६ ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांनी नकार दिला. सव्वीस आठवडे पाच दिवस झालेत, गर्भात व्यंग नाही, जीव तातडीनं धोक्यात नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणं बरोबरच. म्हणूनच भांडण अक्षराशी आहे. इंग्लंडच्या कायद्यात १९९० च्या दुरुस्तीपासून चोवीस आठवड्यांनंतरही बाईच्या शरीराला किंवा मनाला कायमची गंभीर इजा टाळण्यासाठी गर्भपात चालतो. अमेरिकेत १९७३ च्या निकालानं ‘जीव किंवा आरोग्य’ असं जोडून म्हटलं होतं, २०२२ मध्ये तो निकालच मोडला. आता तिथल्या कितीतरी राज्यांत डॉक्टर बाई मरायच्या किती जवळ आली याची वाट पाहत बसतात.

इकडं बीडची आठवण काढावीच लागते. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढं आकडे आले : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्याला कुठं तीन डॉक्टरांचं बोर्ड बसलं? कुठं कोर्ट भरलं? उचलीच्या सोयीसाठी गर्भाशय कायमचं जातं तेव्हा दार सताड उघडं, आणि बाईनं स्वतः एकदा मागितलं की बंद.

आपल्यातले काही साथी म्हणतात, हा पांढरपेशा बायांचा विषय आहे, आपल्यापुढं अत्याचाराचे, जमिनीचे प्रश्न पडलेत. पांढरपेशी बाई पहिल्याच महिन्यात खाजगी दवाखान्यात मोकळी होते, मित्रांनो. चोविसावा आठवडा गाठते ती आपली. दुसरे साथी लोकसंख्येच्या नावाखाली झालेला जुलूम आठवतात. आणीबाणीतली नसबंदी गरिबांवर, दलितांवर, मुसलमानांवर कशी घसरली, ते विसरण्याजोगं नाहीच. पण तिथंही बाईला-बाप्याला विचारलं नव्हतं, इथंही विचारत नाहीत.

बाबासाहेबांनी विचारलं होतं. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वरच्या खटल्यात ते र. धों. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हाचं भाषण बाबासाहेबांचं होतं. ठराव पडला. ते गर्भधारणा टाळण्याबद्दल बोलत होते, गर्भपाताबद्दल नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मूल हवं की नको हे कोणत्याही कारणानं बाईनंच ठरवावं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. आपल्या जयंतीच्या भाषणांत हे भाषण ऐकू येत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात बोर्डांना बजावलं की फक्त व्यंग पाहून थांबू नका, बाईच्या शरीराचं आणि मनाचं काय होईल तेही लिहा. परवानगी दिली, मग आईबापांचं मन बदललं म्हणून २९ एप्रिलला आदेश मागं घेतला. वाचन बदलतंय, पण अक्षर तेच आहे. कलम पाचमध्ये ‘जीव’ शब्दाशेजारी ‘शारीरिक वा मानसिक आरोग्य’ यायला हवं, ही मागणी मोर्च्याच्या पत्रकात घालता येते.

तोवर दवाखान्यात सोबत जाणाऱ्यांनी एक कागद नीट वाचून जावा. संमतीच्या फॉर्म सी वर अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही लागते. मुलगी अल्पवयीन किंवा बाई मनोरुग्ण असेल तर पालकाची. नवऱ्याच्या सहीची त्यावर जागाच नाही. कुणी मागितली तर तो फॉर्म टेबलावर ठेवा आणि जागा दाखवा म्हणा.